काटीवरचा दगड

१५ नोव्हेंबर, शनिवार
सकाळची ड्युटी. खालच्या आळीतला फ्यूज परत उडाला. सगळ्यांच्या पाण्याच्या मोटारी एकदम चालू, आणि शिव्या वायरमनला, म्हणजे मला. दुपारी सुटलो ते सायकल घेऊन थेट डोंगरावर. पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच. यंदा पावसाने दिवाळीपर्यंत पाय काढला नाही, गवत कमरेएवढं झालंय.
उद्या सलीम नारायणगावाहून सायकल घेऊन येतोय, म्हणून आमची सायकलची वाट बघून ठेवली. वरचा अर्धा भाग झकास. दोन वर्षं दर रविवारी दोघं कुदळ-फावडं घेऊन खपलो, त्याचं चीज झालं म्हणायचं. ओढ्याच्या वळणाआधी बाभळीच्या फांदीची काटी आडवी होती, काढली. अंधारून आलं, तिथूनच परत फिरलो.
मागचा ब्रेक किंचाळतो. सलीमला दाखवायचा.

१६ नोव्हेंबर, रविवार
सलीम पडला.

१७ नोव्हेंबर, सोमवार
पुणे. हॉस्पिटलच्या जिन्यात बसून लिहितोय. कालचं.
तो पुढे, मी मागे, नेहमीप्रमाणे. ओढ्याच्या वळणावर वाटेखालचा दगडी बांध पावसात वाहून गेलेला. वरून काही कळत नव्हतं, नुसतं गवत. सलीम वळला आणि कड सायकलसकट खाली गेली. दोन पुरुष खोल. मी कसा उतरलो आठवत नाही. शुद्धीवर होता. म्हणाला, "दत्ता, माझे पाय कुठायत रे?"
पाय तिथेच होते. माझ्या हाताखाली.
धोंडिबाबा सगळ्यांच्या आधी पोचले. तिथली वस्ती त्यांचीच, वाट त्यांच्याच पडीक रानातून जाते. मागून त्यांचा मुलगा बबन आणि चार माणसं बाज घेऊन आली. बाजेवर घालून सलीमला रस्त्यावर आणला, जीपने मंचर, तिथून इकडे. बाज उचलताना धोंडिबाबा सारखे ओरडत होते, "काटी टाकली व्हती म्या! दगड ठिवला व्हता वर! गेली कुटं?"
मी सलीमचं डोकं धरलं होतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार
ऑपरेशन झालं. मणका. "वेळ लागेल" एवढंच सांगतात. किती, ते कोणी सांगत नाही.
सलीमची बायको, रुखसानाभाभी म्हणाली, "दत्ताभाऊ, तुमी होते म्हणून जिता आला." खाली जाऊन चहाच्या गाडीपाशी उभा राहिलो. चहा घेतला नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
भाभीचा भाऊ धोंडिबाबांच्या वस्तीवर आला होता, बरोबर दोघे. मीही गेलो, भांडण नको म्हणून. मोठा शहाणा मी.
"कड खचल्याचं म्हाईत व्हतं ना? मग काटी का नाय टाकली?"
धोंडिबाबा म्हणाले, "टाकली व्हती."
"मग काय वाऱ्यानं उडाली?"
बबनने हात जोडले. म्हणाला, "बाबाचं वय झालं, सांभाळून घ्या." धोंडिबाबा पोराकडे बघत राहिले. मग भैरोबाची शपथ घेतली. त्यावर बबनने मान खाली घातली.
मी सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

२३ नोव्हेंबर, रविवार
शनिवारचं पान वाचलं. "काटी आडवी होती, काढली." किती सोपं लिहिलंय.
दगड होता. काळा, चपटा, बरोबर बुडख्यावर ठेवलेला. इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं: काटी नुसती पडलेली असेल तर कुंपणातून निसटलेली. वर दगड असेल तर कोणीतरी सांगतंय की पुढे जाऊ नको. मी इथेच, पेठ गावातच जन्मलो. मला वाटलं, कोणीतरी गवत राखायला वाट अडवली. दर वर्षी कोणी ना कोणी अडवतं, आम्ही काढतो. दोन्ही हातांनी दगड उचलला, बाजूला टाकला, आणि काटी करवंदीच्या जाळीत भिरकावली. डोंगरभर बाभळी. ती काटी आता कोण ओळखणार?
लाइनवर माणूस चढला की खाली स्विचला पाटी लावतो, "काम चालू". ज्याने लावली त्यानेच काढायची. साहेबाचा फोन आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. बावीस वर्षं पाळलं. नव्या पोरांना दम भरून शिकवलं. खांबावर अक्कल, जमिनीवर आलो की गहाण.

३० नोव्हेंबर, रविवार
पुण्याला जाऊन आलो. सलीमच्या उजव्या पायाचा अंगठा हलतो. डाव्यात काही नाही. मला बघून हसला. "राव, माझ्या सायकलचा पुढचा फोर्क वाकला का बघ. माणूस वाकला तर चालंल, फोर्क म्हाग आहे."
आज सांगायचं ठरवून गेलो होतो. भाभी मोसंबी सोलत होती. फोर्क बघतो म्हणालो.

३ डिसेंबर, बुधवार
चावडीपाशी विषय निघालाच. कोणीतरी म्हणालं, "म्हातारा लई शपथा खातोय. खाई त्याला खवखवे." सगळे हसले. मी फ्यूजवायर गुंडाळत होतो, गुंडाळत राहिलो.

७ डिसेंबर, रविवार
वस्तीवर मीटरचं निमित्त काढून गेलो. धोंडिबाबा गोठ्याच्या दारात शेळ्या मोजत होते. सहा. दार लावलं, परत उघडलं, परत मोजल्या. सहाच.
सून म्हणाली, "आता गॅसपाशी जाऊ देत नाय त्यांना. परवा पाण्याची मोटार बंद केली का म्हणून तीनदा इहिरीवर जाऊन आले. आदी आसं नव्हतं."
आधी कसं होतं ते मला माहीत आहे. हा माणूस आमची थट्टा करायचा. "चांगला डांबरी रस्ता सोडून काट्यात सायकली घालता, घरी बायका न्हाईत का तुमाला?" आणि थट्टा करून झाली की पाणी कुठून उतरतं, कड कुठे कच्ची आहे, हे बोट लावून दाखवायचा. त्यांनी दाखवलं म्हणून दोन पावसाळे वाट टिकली.
आज माझ्याजवळ बसून हळूच म्हणाले, "टाकली आसंच वाटतंय रं. पर ह्या साली टाकली का आदल्या साली, ह्याचा मेळ लागंना. दगड डोळ्यांपुढं दिसतो. पर म्हाताऱ्या मानसाला काय, काईबी दिसतं."
मी म्हणालो, "जाऊ द्या बाबा."
जाऊ द्या!

१४ डिसेंबर, रविवार
डोंगरावर पायी गेलो. वाट गवताने बुजत चाललीय. करवंदीच्या जाळीत हात घातला, काटी शोधली. सापडली की नाही सांगता येत नाही, तिथे पाच-सहा वाळक्या काट्या होत्या. हात रक्तबंबाळ. घरी विचारलं तेव्हा खांबाचं नाव सांगितलं. आता खांबही खोटं बोलायला लावलाय.

२८ डिसेंबर, रविवार
सलीमला घरी आणलं. त्याच्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानामागच्याच खोलीत खाट टाकलीय, खिडकीतून दुकान दिसतं. दुकान बंद. आलेल्या प्रत्येकाला सांगतो, "ह्या दत्तानं मला वर काढला. ह्यो नसता तर ओढ्यातच राहिलो असतो." मी म्हणतो, तसं काही नाही. लोकांना तो माझा विनय वाटतो.
धोंडिबाबाचा विषय त्यानेच काढला. "मेव्हण्याला सांगितलंय, म्हाताऱ्याला काई बोलायचं नाय. इसरला बिचारा. माझा बाप पण शेवटी असाच इसरायचा."
सगळ्यांनी म्हाताऱ्याला माफ करून टाकलंय. जे त्याने केलंच नाही त्याबद्दल.

२ जानेवारी, शुक्रवार
बबन भेटला. शेळ्या विकायच्या म्हणतो, संक्रांतीआधी. "बाबाच्या मागं आता कोण लक्ष देणार? डोंगरात चुकलं-माकलं तर?" मी विचारलं, बाबा काय म्हणाले? "काय नाय म्हनले. इका म्हनले."
या माणसाने उभा जन्म त्या डोंगरात काढला. डोळे बांधून सोडला तरी घरी येईल. आणि इका म्हणाला.
झोप नाही.

४ जानेवारी, रविवार
सांगितलं. धोंडिबाबाला.
ओट्यावर ऊन खात बसले होते. समोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. शनिवारी आलो, काटी मी काढली, दगड मी उचलला, काळा, चपटा होता. तुम्ही विसरला नाहीत, बाबा. तुमचं काहीही चुकलं नाही. बोलता बोलता रडलो. बावीस वर्षं नोकरी झालेला माणूस, भर दुपारी, दुसऱ्याच्या ओट्यावर.
त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाले, "दत्तू, लई मायेचा हाईस तू. पर म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून येवढं आंगावर घेऊ नये."
मी म्हणालो, खरंच सांगतोय. दगड कसा होता ते सांगितलं ना?
"ते मीच गावभर सांगत फिरलो की रं. खरं आसतं तर सात आठवडं गप बसला आसतास व्हय तू?"
बबन दारात उभा राहून ऐकत होता. जाताना माझा हात धरला. "दत्ताभाऊ, बाबाच्या समाधानासाठी बोललात, लई उपकार झाले."
उपकार.
पायरीपर्यंत आलो तेव्हा धोंडिबाबांनी मागून विचारलं, "त्या पोराला सांगितलंस? सलीमला?"
नाही म्हणालो.
"मंग," म्हणाले, आणि तोंड फिरवून परत उन्हाकडे करून बसले.

८ जानेवारी, गुरुवार
लाइनवर लक्ष नाही. ज्युनिअर म्हणाला, सर, आज तुम्ही खालीच थांबा. थांबलो.
बुडाखाली आग लागल्याशिवाय मी हलत नाही, आई म्हणायची ते खोटं नव्हतं. पण आता हिशेब उलटा दिसतो. सलीमला सांगितलं तर सलीम जाईल. नाही सांगितलं तर धोंडिबाबा रोज थोडे थोडे जाताहेत, आणि तेही माझ्याच हाताने. सलीमच्या तोंडून गावाला कळलं तरच म्हातारा स्वतःवर विश्वास ठेवेल. माझ्यावर नाही, आणि का ठेवावा?
शेळ्या मंगळवारी जाणार.

११ जानेवारी, रविवार
पेठच्या स्टॉपवर बसलोय. नारायणगावला जायचंय.
मघाशी सलीमचा फोन. "कधी येतोस राव? आज पाठीला पट्टा बांधून दुकानात बसलो, खुर्चीवर. एक वाकडं चाक ट्रू केलं, एकदम सरळ. हात न्हाई इसरलं माझं. तुझी सायकल घेऊन ये, तो ब्रेक बघतो." मग जरा थांबून, "दत्ता, एक बोलू? हॉस्पिटलात लई वेळा वाटलं, मेलो असतो तर बरं. मग वाटायचं, दत्ता माझ्यासाठी खड्ड्यात उतरला, आपण कसं मरायचं?"
येतो म्हणालो.
दोन जीप भरून गेल्या. ड्रायव्हरने हाक मारली, "वायरमन, येताय का?" मी हाताने पुढे जा म्हटलं. आता तिसरी लागलीय, मागे एक जागा रिकामी आहे. सांगायचं ते चारच वाक्यांचं आहे, पाठ झालंय. लिहिण्यासारखं काहीही उरलेलं नाही, तरी लिहितोय.