टायर बदलल्याशिवाय ट्रॉली नाही

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

काल नईमच्या दुकानातून आलेले सामान: नवे टायर तीन, रु. १२,६००. ट्यूब तीन, रु. १,६५०. हवा मोजायचे मीटर एक, रु. ३५०. एकूण रु. १४,६००.

सामान समोर रचलेले मला स्वच्छ दिसते आहे आणि बेरीज मी स्वतः केली आहे. तेव्हा माझी बुद्धी ठिकाणावर नव्हती असे पुढे कोणी म्हणू नये. मी, श्रीमती वैजयंती मडिवाळप्पा बिराजदार, वय ७१, जुनी मॅट्रिक, राहणार भवानी पेठ, सोलापूर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

१. राहते घर मुलगा गुरुशांत व सूनबाई यांना निम्मे-निम्मे. देवघर आहे त्याच कोपऱ्यात राहील.

२. पोस्टातली ठेव मुलगी गौरम्मा हिला. "लग्नात दिलं की तिला" असे कोणी काढू नये.

३. यजमानांचे वेल्डिंग मशीन ते गेले तेव्हा दीर नागप्पा यांनी "आठ दिसांत देतो, वैनी" म्हणून नेले. नऊ वर्षे झाली. ते आता त्यांचेच समजावे. माझा राग इथे संपला.

४. जीपमागची ट्रॉली. यजमानांनी स्वतः बांधली, छप्पर आहे, आत झोपायची बाकडी आणि शेगडी आहे. दर पाडव्याला आम्ही घरची माणसे तिच्यातून श्रीशैलला मल्लिकार्जुनाच्या दर्शनाला जातो. एरवी ती वर्षभर नागप्पांच्या वळसंगच्या शेतात उन्हात उभी असते.

गेल्या वर्षी रायचूरच्या अलीकडे तिचा डावा टायर फुटला. आत झोपलेली गुरुशांतची मुलगी शिवानी बाकड्यावरून पडली, हनुवटीला टाके पडले. भावजी म्हणाले, "नजर लागली, वैनी. टायरची नक्षी तर कोरी हाय की!" आणि जोडीचाच जुना जादा टायर लावून पुढे निघाले.

वर्षातून एकदा चालल्यावर नक्षी कोरीच राहणार. पण उन्हाने आणि वयाने रबर सुकते. टायरच्या बाजूवर ३११४ असे आकडे आहेत, म्हणजे २०१४ सालचा एकतिसावा आठवडा. भेगांत माझे नख जाते. त्यात दर दसऱ्याला पूजेआधी भावजी टायर काळेभोर दिसावेत म्हणून समईतले उरलेले तेल चोळतात. पूजा मलाही हवी. नारळ फोडा, चाकाखाली लिंबू ठेवा, पण तेल समईतच राहू द्या. तेलाने रबर खराब होते.

ट्रॉली माझ्या पश्चात नागप्पांनाच, कारण जीव लावून चालवणारे तेच आहेत. अटी अशा. जादा टायर धरून तिन्ही टायर दर सहा वर्षांनी बदलायचे. हवा सकाळी निघण्याआधी, टायर थंड असताना, मीटर लावून बघायची. लाथ मारून नाही. अक्कलकोटला चहाला थांबाल तेव्हा चाकांचे नट पुन्हा आवळायचे. परतीला स्वस्त मिळतो म्हणून तांदळाची पोती भरायची नाहीत. उभी असताना ठोकळ्यांवर उचलून चाकांवर गोणपाट टाकायचे. आणि चालत्या ट्रॉलीत कोणीही बसायचे नाही, झोपायचे तर मुळीच नाही.

५. बाकी सारे माझ्या मृत्यूनंतर, कलम चारमधल्या अटी मात्र आजपासून. पाडव्याआधी टायर बदलले नाहीत तर गुरुशांतने ट्रॉली भंगारात द्यावी. शिवानी म्हणते, "आजी, मी यंदा येत नाही, तुम्ही जा." देवाच्या वाटेची पोरीला भीती बसावी, हे मला चालणार नाही.

साक्षीदार:
१. नईम पीरसाब शेख, टायर दुकानदार (सही)
२. बुद्धप्रिया यशवंत गायकवाड, शेजारीण (सही)

वैजयंती मडिवाळप्पा बिराजदार (सही)
सोलापूर, दि. १२ फेब्रुवारी २०२६

ता. क. भावजी, ही नक्कल तुम्हाला टपालाने धाडली आहे, कारण फोनवर तुम्ही "बघू की, वैनी" म्हणून ठेवून देता. सामान टेंपोने येईल. वळसंगलाच बसवून घ्या आणि फुटलेला धरून जुने तिन्ही टायर माझ्याकडे पाठवा, अडीअडचणीला म्हणून एकही ठेवू नका. शिवानीला मी अजून काही बोललेले नाही, तुमच्या कागदाची वाट बघते आहे. टायर बसवल्याचे उलट टपाली कळवावे. "बघू की" असे लिहू नये.