रुखवतातले लाडू

बोईसर, रविवार

प्रिय कैलासदादा,

तुझ्या लेकीच्या लग्नात रुखवतातले लाडू माझ्या प्रियदर्शिनीनं खाल्ले, तेव्हा सगळ्या पाहुण्यांसमोर तू तिला चोर म्हणालास. मी तिचा हात धरून तिला मांडवाबाहेर नेलं. तिच्या जन्मजात आजारात पोट भरल्याचं मेंदूला कळतच नाही, हे मी माहेरी कधी सांगितलंच नव्हतं. आमच्या स्वयंपाकघराला कुलूप असतं आणि किल्ली माझ्या गळ्यात असते, हेही नाही.

सध्या दवाखान्यात ही भूक आवरायच्या एका नव्या उपचाराची चाचणी चालू आहे, त्यात तिचं नाव आहे. डोक्याला ओले स्पंज लावून रोज वीस मिनिटं अगदी हलका करंट द्यायचा. मशीन घरीच दिलंय. शेजारची, मुरबे गावची मावशी रोज विचारते, "पोरीला दुखत नाय ना?" दुखत नाही, थोडी खाज येते. तुलनेसाठी काही मुलांच्या मशीनमध्ये करंट नसतोच म्हणे. आमच्यात आहे का, ते शेवटीच सांगणार.

काल दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. ती मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "आई, मला कुलूप तोडायचंय. ही हातोडी तू तुझ्याकडे ठेव."

भूक तेवढीच आहे, दादा. पण सतरा वर्षांत पहिल्यांदा ती आधी सांगायला आली.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचून तू म्हणशील, पोरगी बरी झाली, आणि ती बरी झालेली नाही. मला फक्त एवढंच विचारायचं होतं, चोर असा सांगून येतो का रे?

तुझी,
रत्ना