थांब म्हणायचं नाही

९ जानेवारी २०२५

हॉल मिळाला! नेरूळचा, स्टेशनजवळचा. रविवारी फॅमिली डॉक्टरांना एकत्र बसवायचं आणि एकच गोष्ट शिकवायची — बाळाची वाढ मागे पडतेय हे पहिल्या वर्षातच ओळखा आणि लगेच पुढे पाठवा. माझ्याकडे मुलं येतात ती तीन-चार वर्षांची होऊन. तोवर सगळ्यात मोलाचा काळ निघून गेलेला. बालविकासाची डॉक्टर म्हणून आता मलाच त्यांच्यापर्यंत आधी पोचायचंय.

१२ जानेवारी

फसलं. तळवलीचे डॉ. धनाजी शेडगे मध्येच उभे राहिले. साताऱ्याकडचे, साठीचे, जुना दवाखाना — मार्केटातल्या माथाडी कामगारांची घरंच्या घरं त्यांच्याकडे. म्हणाले, "मॅडम, माझ्याकडे माणूस कामावर खाडा करून येतो. बाळात काहीतरी आहे म्हणून त्याला घाबरवून सोडू?"

मी म्हटलं, घाबरवायचं नाही, पाठवायचं. आजाराचं नाव नंतर कळू दे, व्यायाम आधी सुरू होऊ दे.

बसले खाली. पटलं नव्हतं. बाकीचे सगळे त्यांच्याच तोंडाकडे बघत होते. जेवणानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

१३ जानेवारी

स्लाइड बघून कोण शिकतं? शेडग्यांना फोन केला — तुमच्या दवाखान्यात येऊन बसू का? "या की," म्हणाले. एवढंच.

१८ जानेवारी

हे सगळं लिहून ठेवायलाच हवं.

तळवली. दवाखान्यात गर्दी, खोकल्याचा सीझन. राजलक्ष्मी नावाची मुलगी आली, कडेवर शिवतेज — नऊ महिन्यांचा — बरोबर सासू राहीबाई. शेडग्यांनी छाती तपासली, औषध लिहिलं. मी विचारलं, जरा खाली चटईवर घेऊ का बाळाला?

बसवलं तर मागच्या मागे ताठ. उभं धरलं तर पाय कात्रीसारखे एकमेकांवर. मुठी घट्ट. राहीबाई लगेच म्हणाल्या, ह्याचा बाप बी उशिराच बसला, बसंल की सवडीनं.  राजलक्ष्मी शेडग्यांकडे बघून हळूच बोलली — "डॉक्टर, मी इचारलं होतं तुमाला. सहाव्या महिन्यात."

 बाहेरच्या बाकावरचे लोकही डोकावून बघायला लागले. आता शेडगे मला वाटेला लावणार, असं वाटलं.

शेडगे खुर्चीतून उठले. गुडघे धरत धरत खाली आले आणि चटईवर तिच्यासमोर बसले.

"विचारलं होतंस. मी थांब म्हणालो. चुकलं माझं, बाळा. आता थांबायचं नाही."

मग माझ्याकडे वळून — काय करायचं ते मलाही दाखवा. दाखवलं. मांडीवर कसं घ्यायचं, पाय कसे मोकळे करायचे, हात पुढे कसे आणायचे. राहीबाईंनी पदर खोचला आणि सगळ्यांच्या आधी त्याच शिकल्या!

 भाषण देऊन जे झालं नाही ते चटईवर झालं.

२ फेब्रुवारी

शिवतेजची नीट तपासणी झाली. सेरेब्रल पाल्सी असण्याची दाट शक्यता. राजलक्ष्मीला सगळं सांगितलं. रडली. चालेल का, विचारलं. खोटं बोलले नाही — आज सांगता येत नाही. पण तू वेळेत आलीस, ह्या वयात मेंदू भराभर शिकतो, हेही सांगितलं. डोळे पुसून म्हणाली, परत दाखवा व्यायाम.

शेडग्यांनी आणखी एक बाळ पाठवलंय.

१९ फेब्रुवारी

अजून एक! ह्या बाळाला ऐकू येत नसावं. चिठ्ठीवर शेडग्यांचं अक्षर — "मागून टाळी वाजवली, वळलं नाही. बघा." टाळी वाजवून बघतायत! लसीला आलेल्या प्रत्येक बाळाला!

३१ मार्च

ईद. शीरखुर्मा वाढत होते तेवढ्यात शेडग्यांचा मेसेज — ईद मुबारक. खाली फोटो. शिवतेज दोन्ही हात टेकून बसलाय, वाकडा, पण आपला आपण. वाडगा तसाच ठेवून आधी रडून घेतलं.

४ मे

परत नेरूळ, तोच हॉल. मागे उभं राहायलाही जागा नाही. आणि शिकवलं कोणी? शेडग्यांनी! चटई अंथरून, खाली बसून. स्वतःचीच चूक सांगून सुरुवात केली. कोणी हललं नाही. शेवटी घणसोलीच्या एक डॉक्टर म्हणाल्या, आमच्याकडे कधी येता?

माझी मुलगी कैनातही सीवूड्सहून आली होती, दहा महिन्यांच्या तौहीदला घेऊन. आजीचं कौतुक बघायला! शेडग्यांनी नातवाला मांडीवर घेतलं, चमचा पुढे धरून बराच वेळ खेळवत होते. फोटोत सगळ्यात मोठं हसू माझंच.

जिंकले. लिहायला लाज कसली — जिंकले!

५ मे

सकाळी शेडग्यांचा फोन. आवाज खाली. "मॅडम, रागावू नका. तौहीद सगळं डाव्याच हाताने घेतो. उजवी मूठ उघडतच नाही. ह्या वयात एकच हात बरा नव्हे."

मी सगळ्यांना सांगत होते, डावखुरा आहे, माझ्यावर गेलाय.

कैनातशी बोलले. सीवूड्सला निघालेय. शेडगेही येतायत, दवाखाना बंद ठेवून.