एका कडव्याचं पाणी

२ एप्रिल २०१६
ठक्-ठक्... ठक्! ब्रशच्या दांड्याचा आवाज. त्रेचाळीस वर्षं झाली, तरी दुपारी डोळा लागला की डार्करूमच्या दारावर तोच ऐकू येतो. मी आतून "ये" म्हटल्याशिवाय मोतीराम दार उघडायचा नाही. एवढी एकच शिस्त त्याला होती!

आज सरकारी लोक स्टुडिओच्या भिंतीवर लाल फुली मारून गेले. रस्ता रुंद होणार. वीस तारखेपर्यंत खाली करा. मागचं घर राहील, पुढचा स्टुडिओ जाईल. म्हणजे मीच जाईन.

४ एप्रिल
खोकी उपसतोय. काय खेळ होता आमचा! मी चेहरे टिपायचे, त्यानं त्यांत स्वप्नं घुसवायची. तो मागचा पडदा रंगवायचा, मला न दाखवता. मी गिऱ्हाईक बसवायचो, त्याला न सांगता. गंगापूरचे नानासाहेब असेच एकदा माशाच्या पोटात बसले — आणि खूश झाले! पेपरवाल्यानं मोतीरामला 'अतिवास्तववादी चित्रकार' म्हटलं. तो म्हणतो, "व्यंकटराव, हे औषध हाय का रोग?"

सत्तरच्या श्रावणात तर कहर. मोतीरामनं पडद्यावरच्या ढगांत भोक पाडलं अन् मी डोळे मिटून वेळ मोजत असताना त्यातून स्वतःचं तोंड काढलं. निगेटिव्ह धुऊन वाळल्यावर कळलं. नवरा-बायकोच्या मधोमध हसरा चंद्र! "गिऱ्हाईक पळवतोस, गाढवा!" म्हणालो, आणि बाद खोक्यात टाकली.

७ एप्रिल
सहावा दिवस, टँकर नाही. सूनबाई हिमानी म्हणाली, "बाबा, ती बादली प्यायची आहे हं. तुमच्या डार्करूमला नाही."

८ एप्रिल
लिहूनच टाकतो.

घड्याळ मी कधी वापरलं नाही. शाळेतली एक कविता वापरली. फोटोला एक ओळ — तेवढा वेळ माणसानं श्वास धरायचा. हायपोतून, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या औषधातून, काढलेली निगेटिव्ह धुवायला अख्खी कविता पंधरा वेळा, वाहत्या पाण्यात. हायपो राहिला तर चित्र खातो.

बहात्तरच्या दुष्काळात मोतीरामनं फर्दापूरहून आईला आणलं. भागूबाई. उभ्या आयुष्यातला पहिला फोटो. आणि माझ्याकडं एक घागर पाणी! मी एक कडवं म्हटलं आणि निगेटिव्ह बाहेर काढली. फोटोही तसाच धुतला. मोतीरामनं त्यावर आईच्या मांडीत समुद्र रंगवला.

वर्षभरात चेहरा पिवळा पडून उडाला. समुद्र तेवढा राहिला. मोतीराम फोटो घेऊन आला. "असं कसं झालं हो?"

मी म्हणालो, "तुझ्या रंगानं खाल्ला."

ब्रश इथंच ठेवून गेला. फर्दापुरात लॉजच्या पाट्या रंगवतो असं नंतर ऐकलं. स्वप्नं बंद. माझ्यामुळं!

९ एप्रिल
त्याला पत्र टाकलं. सगळं कबूल केलं. "आईची निगेटिव्ह शोधतो, नवा फोटो काढून देतो. स्टुडिओ आहे तोवर ये." भागूबाई आता कुठल्या असायला! छपाईचा कागद मंदारनं, माझ्या मुलानं, कुठून तरी मिळवून आणला.

१२ एप्रिल
सापडली. उजेडात धरली. लुगड्याचा काठ आहे, हात आहेत. चेहऱ्याच्या जागी चहा सांडल्यासारखा डाग.

त्याला आता काय दाखवू? येऊच नये त्यानं.

१३ एप्रिल
आज कविताही आठवेना. दुसऱ्या कडव्यापाशी अडतो.

१६ एप्रिल
दार वाजलं. धावलो. मोतीराम नाही — भागूबाई! पंच्याऐंशीच्या तरी असतील. नातीचा, मोनिकाचा, हात धरून.

"मोत्या मागल्या दिवाळीला वारला, भाऊ. तुमचं पत्र पोरीनं वाचून दाखवलं."

मी निगेटिव्हचं सांगू लागलो, तर हातानंच थांबवलं. "माझ्या तोंडाचं काय घिऊन बसले? ते हाय की अजून. मोत्याचा येखादा फोटू हाय का? घरात एक बी नाय."

बाद खोकं उघडलं. श्रावणातली ती निगेटिव्ह, पंधरा वेळा कविता म्हणून धुतलेली. चंद्र लख्ख! अन् अडलेलं कडवंही आठवलं.

हिमानीनं प्यायच्या पाण्याची बादली डार्करूमशी आणून ठेवली.

म्हटलं, बसा भागूबाई. मोत्याचा फोटो धुवायला कविता पंधरा वेळा म्हणायची आहे.