समोरच्या जागेवरचा दगड

नवेगाव बांध,
संक्रांतीचा दुसरा दिवस, १९५६

फुलवंताच्या बाबांस रुख्माचा रामराम.

तुम्ही नागपूरच्या गिरणीत गेले त्याले तीन वर्षं झाली. फुलवंताही आता सासरी नांदून राहिली, म्हणून यंदा मी पहिल्यांदाच एकटी तलावापलीकडे माहेरी गेली. डोंगेवाल्या इतवारीनं माझ्या एकटीचे चार आणे मागितले.

"काऊन? माणशी तर दोन आणे हायेत."

"एकटं माणूस बसलं का डोंगा कलंडते, बाई. समोर वजन पाहिजे. जागा दोघांची, तर पैसे बी दोघांचे."

त्यानं तुम्ही बसत होते तिथं एक मोठा दगड ठेवला. मी चार आणे दिले अन् पलीकडे जाईपर्यंत त्या दगडाकडे पाहत बसली. तो काही बोलला नाही. तुमचंही पत्र येत नाही, त्यामुळं मले सवय आहे.

येताना आईनं एक गाभण शेळी दिली. इतवारीनं दगड काठावर टाकला, शेळीले त्या जागी बांधलं अन् "आता एकटं माणूस नाही" म्हणून माझे दोनच आणे घेतले. शेळी सारा वेळ माझ्याकडे पाहून ओरडून राहिली होती. बरं वाटलं.

तुमचा पत्ता माहीत आहे, पण हे पत्र मी टाकणार नाही. वाचून तुम्ही परत याल, अन् मले शेळीले उठवा लागेल.

रुख्मा