पंधरा हात खोल

१२ मार्च १९६१
पावसाळ्यात गावभरचं पाणी या तळ्यात येतं, गाळ टाकून जातं. उन्हाळ्यात मधोमध डबकं उरतं, त्यात मासे कसेबसे तगतात. दुरुस्ती मंजूर. ओव्हरसियर : मी. माझा प्लॅन : डबक्याशेजारी पंधरा हात खोल कुंड. पुढल्या उन्हाळ्यात एक मासा मरणार नाही. उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

१३ मार्च
साडेआठला उठलो. डोक्याचं काम करणाऱ्याला झोप हवीच.

२० मार्च
मैनाबाई भोईण आली. तळ्यातल्या मासळीवरच तिचं पोट. म्हणे, "सायेब, आठ हातांवर चिकण माती हाय, ते फोडू नका. थ्याच्याखाली खारं पाणी हाय." तिला नकाशा दाखवला. नकाशात खारं पाणी कुठंच नाही.

२ एप्रिल
चिकण माती लागली. मजूर सूर्यभान कुदळ टाकून बसला. पुन्हा उचलायला लावली.

९ एप्रिल, दुपारी २
विजय! बारा हातांवर खालून पाणी. ऐन एप्रिलात! नारळ फोडला. मैनाबाईनं ओंजळभर तोंडात घेतलं आणि थुंकली. मलाही चाखा म्हणाली. ओव्हरसियरनं लेव्हल घ्यायची असते, चव नव्हे.

१५ एप्रिल
पंधरा हात पूर्ण. मधला बांध फोडून डबकं कुंडात सोडलं. मैनाबाई बांधावर आडवी पडली होती. चौघांनी उचलून बाजूला ठेवली.

१७ एप्रिल
काही मासे उलटे तरंगताहेत. ऊन फार आहे.

१९ एप्रिल
सगळे मेले. चिखलात जगणारी मरळसुद्धा. रिपोर्टात "उष्णता" लिहिलं. मैनाबाईनं विचारलं, "आता मी काय धरू, सांगा." प्रश्न माझ्या खात्याचा नव्हे.

२८ एप्रिल
घरी स्वयंपाकाला तळ्याचंच पाणी; मी कचेरीच्या विहिरीचं पितो. आठवडाभर डाळ शिजत नाही. बायकोला, कुंदाला, म्हटलं, बायकांचं चुलीकडं लक्ष नसतं. तिनं डाळ पुन्हा चुलीवर ठेवली.

१६ मे
वरून पत्र. काम नमुनेदार, दर्यापूरकडच्या दोन तळ्यांत असंच कुंड करा. कुंदाला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं तळ्याच्या पाण्याचा पेला पुढे ठेवला. म्हणाली, एकदा चाखा तरी. चाखलं. थुंकलो.
मैनाबाईकडं गेलो. झोपडी रिकामी. शेजारीण म्हणाली, "पातूरले लेकीकडे गेली. जाळं इथंच टाकून गेली, काय करते नेऊन?" फार लाज वाटली.
घरी येऊन वरच्या साहेबांना खरं लिहायला बसलो. मायना लिहिला. पुढं हात चालेना. यंदा बढतीचं वर्ष आहे.
दर्यापूरची मोटार सहाला सुटते. पहाटे पाचला उठणे.

१७ मे
पाचला उठलो.