कौतुकपत्र, जावक क्रमांक ११४ ते १२०

सोमवार, ८ सप्टेंबर. सायं. ५.४०

खालापूरला मुख्याध्यापकांची कार्यशाळा झाली. विषय : सहकाऱ्यांचे कौतुक कसे करावे. वक्त्या बाई पुण्याच्या. म्हणाल्या, शिक्षक शाळेला कंटाळून जात नाहीत, मुख्याध्यापकाला कंटाळून जातात. सगळे हसले. मीही हसलो. मग ते वाक्य वहीत लिहिलं आणि खोडलं. अक्षर नीट आलं नव्हतं.

जेवणाच्या रांगेत आमच्याच संस्थेच्या मोहोपाडा शाखेचे हेडमास्तर भेटले. भात वाढून घेता घेता म्हणाले, तुमच्या हर्षला मॅडम आम्हाला मिळणार असं ऐकतो. मॅडमचे मिस्टर तिकडच्या कंपनीत आहेत, तेव्हा बातमी खरी असू शकते. मी ‘हो का’ म्हणालो. मग भात दोनदा वाढून घेतला. भात चांगला होता.

परिस्थिती लिहून ठेवतो. हर्षला मॅडम आमच्याकडे गणित शिकवतात. रोज सकाळी डोंगराकडच्या वाडीवर जातात आणि तिथली अकरा मुलं सोबत घेऊन येतात. त्या नाही गेल्या तर मुलं येत नाहीत. शाळेचा पट एकशे सात. ३० सप्टेंबरला अधिकारी येऊन डोकी मोजणार. पट शंभराच्या खाली गेला तर मुख्याध्यापकाचं पद जातं. एकशे सात वजा अकरा. गणित मलाही येतं.

पद गेलं की मी अतिरिक्त. अतिरिक्त मुख्याध्यापकाला कुठे पाठवतात ते कुणालाच माहीत नाही. पण मी घाबरलेलो नाही. मला मुलांची काळजी वाटते.

संकल्प : उद्यापासून रोज एक कौतुक. सुरुवात हर्षला मॅडमपासून.

मंगळवार, ९ सप्टेंबर. दु. १२.१५

मॅडमना कौतुकासाठी ऑफिसात बोलावलं. आमच्या शाळेत ऑफिसात बोलावणं एकाच कारणासाठी येतं, हे लक्षातच आलं नाही. त्या टाचणवही, गुणपत्रकं, रजेचं कार्ड आणि साक्षीदार म्हणून कमलेश सर, एवढं सगळं घेऊन आल्या. कमलेश सर शिक्षक संघटनेचे तालुका पदाधिकारी. हाताची घडी घालून दारात उभे राहिले.

ठरवलेलं वाक्य होतं, मॅडम, तुमच्यामुळे ही शाळा उभी आहे. तोंडातून आलं, खडू किती उरलेत? त्या म्हणाल्या, खडू जुलैतच संपले सर, मी घरून आणते. मी म्हणालो, छान.

‘छान’ म्हणजे कौतुकच. पहिला दिवस यशस्वी.

बुधवार, १० सप्टेंबर. स. १०.५०

मॅडम १०.४२ ला आल्या. मागे अकरा मुलं, पाय चिखलाने भरलेले. शिक्षकांच्या हजेरीचं मस्टर माझ्या टेबलावर. साडेदहानंतर लाल शाईत L, म्हणजे लेट. आजही केला. तीन L ला एक किरकोळ रजा जाते. मॅडमच्या या वर्षीच्या रजा ऑगस्टमध्येच संपल्या.

वाईट वाटतं. पण उद्या तपासणीत कुणी विचारलं, या बारा मिनिटांचं काय, तर मी काय सांगू? कौतुक आपल्या जागी, मस्टर आपल्या जागी. दोन्हींची सरमिसळ केली की माणूस गोत्यात येतो.

गुरुवार, ११ सप्टेंबर. दु. २.००

आज सामूहिक कौतुक. कर्जत स्टेशनवरून वीस वडे मागवले. मधल्या सुट्टीत स्वतः पिशवी घेऊन स्टाफरूमकडे गेलो. आतून हसण्याचा आवाज येत होता. मी दारात पाऊल ठेवलं आणि आवाज बंद झाला. सहा जणांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, ‘बरोबर आहे’ म्हणालो आणि तसाच बाहेर पडलो. वडे हातातच राहिले.

शिपाई धाऊमामाला म्हटलं, तूच नेऊन दे. धाऊमामा त्याच वाडीवरचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, आणि शाळेतल्या सगळ्या घडामोडी त्याला माझ्याआधी कळतात. त्याने पिशवीत डोकावून विचारलं, सर, कोनाचा सेंडॉफ हाय?

आमच्याकडे वडे फक्त निरोप समारंभाला येतात. हे मी विसरलो होतो. स्टाफ विसरला नव्हता. वडे कुणी खाल्ले नाहीत म्हणे. कोण जाणार याची चर्चा झाली.

शुक्रवार, १२ सप्टेंबर. सायं. ४.३०

चूक कळली. मी बोलण्यातला माणूस नाही, लिहिण्यातला आहे. सात कौतुकपत्रं तयार केली, सहा शिक्षक आणि धाऊमामा. मजकूर नव्याने कशाला रचायचा, म्हणून जुन्या फाइलीतला घेतला. भाषा भारदस्त आहे. ‘आपण वेळेवर येता. आपण केलेल्या सेवेबद्दल शाळा आपली कायम ऋणी राहील. पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ फाइल सेवानिवृत्तीची होती, पण कौतुक ते कौतुक.

प्रत्येक पत्राला जावक क्रमांक दिला, ११४ ते १२०. पाकिटं चिकटवली. एकाचं कौतुक दुसऱ्याला कळून हेवेदावे नकोत म्हणून वर ‘गोपनीय’ लिहिलं. पोहोच मिळाल्याची सही हवी म्हणून टपालवही सोबत दिली.

धाऊमामा वर्गावर्गात फिरला. स्वतःचं पाकीट त्याने स्वतःला दिलं, स्वतःच सही केली आणि मग माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, सर, माझं काय चुकलं ते तोंडी सांगा, मला वाचाया चष्मा नाय.

कमलेश सरांनी ‘निषेधासह पोहोच’ असं लिहून सही केली. हर्षला मॅडमनी पाकीट वर्गातच फोडलं, वाचलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि वर्गमुळाचं उदाहरण पुढे सुरू केलं. मी खिडकीतून पाहत होतो. चेहऱ्यावर काही नव्हतं. काही असतं तर बरं झालं असतं.

सोमवार, १५ सप्टेंबर. दु. १.००

टेबलावर सात खुलासे.

कमलेश सर : ‘आपण वेळेवर येता या विधानामागील हेतू स्पष्ट करावा, अन्यथा सदर विधान मला मान्य नाही.’ इतर चौघांनी त्याचीच नक्कल केली आहे. धाऊमामाचा खुलासा बहुधा कुणा विद्यार्थ्याने लिहिला, शेवटी ‘आपला आज्ञाधारक पाल्य’ असं आहे.

हर्षला मॅडमचा खुलासा एका ओळीचा. ‘सोबतची कागदपत्रे पाहावीत.’ सोबत मस्टरच्या ऑगस्टच्या पानाची झेरॉक्स, त्यात लाल L सतरा. आणि त्यांच्याच जुलैतल्या अर्जाची प्रत, वाडीची मुलं आणायची असल्याने पंधरा मिनिटांची सवलत मिळावी. त्यावर माझ्याच अक्षरात ‘विचाराधीन’.

अर्ज मी नाकारलेला नाही. मार्गदर्शन मागवावं की नाही यावर विचार चालू होता. सवलत दिली आणि उद्या संस्थेने विचारलं, कोणत्या नियमाने, तर? नियम सापडत नाही. मूळ अर्ज काढून पाहिला आणि पुन्हा टेबलाच्या काचेखाली ठेवला.

मंगळवार, १६ सप्टेंबर. सायं. ६.१५

घरी समीक्षाला सगळं सांगितलं. बायको आहे, पण तिच्यासमोर बसलं की तोंडी परीक्षा दिल्यासारखं वाटतं. तिने विचारलं, त्या बाईंना नुसतं ‘थँक यू’ म्हणालात का? म्हटलं, लेखी दिलं आहे. तिने विचारलं, लाल शाईचं पेन एक दिवस ड्रॉवरमध्ये ठेवलंत तर काय होईल? म्हटलं, तुला प्रशासन कळत नाही. तिने विचारलं, वाडीवर कधी गेला आहात का? म्हटलं, नकाशात पाहिली आहे.

मग ती भाकऱ्या करायला उठली आणि म्हणाली, तुम्ही घाबरट नाही हो, तुम्ही फार घाबरट आहात.

संकल्प : उद्या वाडीवर जाणार. मॅडमसोबत. मुख्याध्यापक स्वतः आलेले पाहून त्यांना केवढं वाटेल.

बुधवार, १७ सप्टेंबर. स. ११.००

वाडीच्या पायथ्यापर्यंत गेलो. तिथे धाऊमामाचं घर. दारात कुत्रा. वाट दाखवायला सोबत आणलेला धाऊमामा म्हणाला, सर, चला की, बांधल्याला हाय त्यो. पण बांधलेला कुत्रा जास्त चिडका असतो, हे मी कुठेतरी वाचलं आहे. शिवाय पुढे ओढा होता आणि माझे बूट नवे.

पायथ्यापर्यंत जाणं हेही जाणंच. मॅडम वरून मुलं घेऊन उतरल्या, मला पाहून थबकल्या आणि घड्याळाकडे बघत भराभर चालू लागल्या. मी काही बोलायच्या आत मुलं पळतच सुटली. शाळेत १०.३८ ला पोहोचल्या. मी मागून १०.४५ ला. मुख्याध्यापकाला मस्टरची वेळ लागू नाही, म्हणून माझा प्रश्न नव्हता. त्यांचा L केला.

शनिवार, २० सप्टेंबर. दु. ३.००

आजचा दिवस माझ्या कारकिर्दीतला सर्वोत्तम. हर्षला मॅडमचा जाहीर सत्कार. शाल, श्रीफळ, अध्यक्षस्थानी संस्थेचे सचिव. माझा हिशेब साधा आहे, सगळ्यांसमोर शाल घेतलेला माणूस लगेच शाळा सोडत नाही. लोकलाज असते.

भाषण वीस मिनिटं केलं. म्हणालो, अशी गणिताची शिक्षिका पूर्ण संस्थेत नाही. म्हणालो, या बाईंना कुठेही नेऊन ठेवा, तिथे शाळा उभी करतील. सचिवांनी दोनदा वहीत काही लिहून घेतलं. माझ्या वक्तृत्वाचे मुद्दे असावेत.

कार्यक्रम संपल्यावर सचिव मॅडमशी बाजूला पाच मिनिटं बोलले. मॅडमनी मान हलवली. माझ्याकडे पाहिलं नाही. समाधानाने घरी आलो. डावा डोळा फडफडतो आहे, उन्हामुळे.

सोमवार, २२ सप्टेंबर. दु. १२.३०

घटस्थापना. संस्थेचं पत्र आलं. ‘मुख्याध्यापकांच्या जाहीर शिफारशीनुसार व संबंधितांच्या संमतीने’ हर्षला मॅडमची मोहोपाडा शाखेत बदली. दोन दिवसांत कार्यमुक्त करावे.

सचिवांना फोन लावला. म्हणाले, इतक्या चांगल्या बाई तिकडे आडबाजूला ठेवून काय करता? मोहोपाड्याला दहावीचा निकाल घसरलाय. म्हटलं, साहेब, तीस तारखेपर्यंत तरी. ते म्हणाले, तुम्हीच म्हणालात ना, कुठेही नेऊन ठेवा.

पाणी प्यायलो. पुन्हा प्यायलो.

बुधवार, २४ सप्टेंबर. सायं. ५.००

मॅडम कार्यमुक्तीचा आदेश न्यायला ऑफिसात आल्या. या वेळी एकट्या. मी विचारलं, तुम्ही बदली मागितलीच होती ना? त्या म्हणाल्या, नाही सर. संस्थेने ऑगस्टमध्ये विचारलं होतं, मी नाही म्हटलं होतं. मुलांना सोडून कुठे जाऊ?

मग शनिवारी सचिवांना ‘हो’ का म्हणालात, असं विचारलं. म्हणाल्या, तुमचं पत्र मिळालं होतं. सेवेबद्दल ऋणी, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मला वाटलं, तुम्हालाच मी नको आहे. मग तुम्ही सगळ्यांसमोर तेच म्हणालात.

सांगायला हवं होतं की ते कौतुक होतं. मी तोंड उघडलं. पण आदेशावर सही राहिली होती, ती केली. त्या नमस्कार करून गेल्या. स्टाफरूममधून रडण्याचा आवाज आला. कमलेश सर रडत होते. हे मला अपेक्षित नव्हतं.

शुक्रवार, २६ सप्टेंबर. दु. १२.००

वाडीची हजेरी. काल शून्य. आज शून्य.

धाऊमामाला म्हटलं, तू तिथलाच, तू घेऊन ये. तो म्हणाला, सर, मी सातला शाळा उघडाया निंगतो, पोरं तवा निजल्याली असत्यात. बाई घराघरात बसायच्या, च्या प्यायच्या, मग पोरं निंगायची. माझ्या नुसत्या हाकंनं नाय येत. कमलेश सरांना विनंती केली. ते म्हणाले, लेखी द्या. माझं धाडस झालं नाही.

संकल्प : मीच जाणार. सोमवारी.

सोमवार, २९ सप्टेंबर. स. ९.१०

पाऊस नाही, ऊन नाही, कुत्रासुद्धा बाहेरगावी गेला असेल. तरी पायथ्यावरून परत आलो. कारण लिहीत नाही. सुचलं नाही.

मंगळवार, ३० सप्टेंबर. दु. १२.१०

भीती वाटते. आज लिहून टाकतो. पहिल्यापासून वाटत होती.

अधिकारी दोनला येणार. सकाळी आठला निघालो. कुत्र्याने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा झोपला. ओढ्यात गुडघाभर पाणी होतं, बुटांसकट पार केला. वर पोहोचलो. ही मंडळी जाब विचारतील, बाईंना का घालवलंत म्हणतील, अशी तयारी करून गेलो होतो. उत्तरंही पाठ होती.

कुणी काही विचारलं नाही. पहिल्याच अंगणात अंबूबाई म्हणून एक आजी शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मला बसायला घोंगडी टाकली. तुमी कोन, असं विचारलं. म्हटलं, शाळेचा मुख्याध्यापक. चार वर्षं आहे. त्या म्हणाल्या, आसाल. बाई नाय आल्या? म्हटलं, त्यांची बदली झाली, आजपासून मुलांना न्यायला मी आलो आहे.

दारादारांत मुलं येऊन उभी राहिली होती. काहींच्या अंगावर शाळेचा शर्ट होता. माझ्याकडे बघत होती आणि माझ्या मागे वाटेकडेही, अजून कुणी येतंय का म्हणून.

अंबूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. म्हणाल्या, बरं झालं आलात. बाई येकेकाला नावानं हाक मारायच्या, तवा घरातली मानसं धाडायची. तुमी पन नावं सांगा, मी हाक मारते.

मी म्हणालो, अकरा.

त्या थांबल्या. मी नावं सांगेन म्हणून बराच वेळ थांबल्या. मग त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं, आणि मी एकटाच खाली आलो.